फिरायला येणारी माणसं आणि झिजणारी जमीन : खान्देशातल्या शहरांजवळच्या वनोद्यानांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगाव या शहरांजवळचे तलाव, कुरणं आणि वनोद्यानं इथे फिरायला येणाऱ्यांचा निसर्गावर किती ताण पडतो, हे मोजायला आम्ही काही जण सुट्टीच्या दिवशी बाहेर पडतो. हातात वही आणि टेप दिसली की लोक थांबून विचारतात, घरी गेल्यावर मेसेजही करतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र ठेवले आहेत. एखाद्या उत्तराचा धागा दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. ‘समजा’ म्हणून दिलेले आकडे हिशेब समजावा म्हणून घेतलेत, ते कुठल्याही जागेचे नाहीत.

१. ताण मोजायचा म्हणजे काय? किती माणसं आली ते मोजलं की झालं ना?

तेवढ्याने होत नाही. शंभर जण पक्क्या वाटेवरून तासभर चालून घरी गेले आणि दहा जणांनी तलावकाठच्या गवतात चूल मांडून दुपार काढली, तर डोकी मोजणाऱ्याला शंभरांचा आकडा मोठा दिसेल. गवताला मात्र ते दहा जण जास्त जड गेलेले असतात. माणसं कुठे गेली, कधी गेली, तिथे काय केलं आणि ती जमीन कसली आहे, यावर ताण ठरतो.

म्हणून आम्ही दोन वह्या ठेवतो. एक माणसांची (प्रश्न ३ ते ७), दुसरी माती, झाडझाडोरा आणि पक्ष्यांची (प्रश्न ८ ते १३). नुसती पहिली वही असेल तर गर्दी कळते, पण तिने काय बिघडलं ते कळत नाही. नुसती दुसरी असेल तर बिघडलेलं दिसतं, पण कोणामुळे ते सांगता येत नाही.

२. सातपुड्यातलं जंगल सोडून जळगावचं लांडोरखोरी वनोद्यान नि मेहरूण तलाव, धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण असल्या जागा कशाला मोजता? तिथे कुठे वाघ आहे?

वाघ नाही. पण खान्देशातलं जगणं बरंचसं काटेरी झुडुपांत, माळावर आणि विरळ पानझडीत आहे, आणि ‘पडीक’ म्हणून सगळ्यात आधी तुडवलं जातं तेही हेच. रानपिंगळ्याची गोष्ट आठवा. १८७३ मध्ये शास्त्राने नोंदवलेलं हे छोटं घुबड पुढे शंभराहून अधिक वर्षं कोणाला खात्रीने दिसलंच नव्हतं. ते संपलं असं सगळे धरून चालले होते. नोव्हेंबर १९९७ मध्ये अमेरिकन पक्षीअभ्यासकांना ते सापडलं, तेही आपल्या शहाद्याजवळच्या विरळ, कोरड्या जंगलात. लांडोरखोरीत रानपिंगळा आहे असं मी म्हणत नाही. पण ‘इथे काय असणार’ असं म्हणून एखादी जागा सोडून देऊ नये, एवढं या पक्ष्याने आपल्याच जिल्ह्यांत दाखवून दिलं आहे. आणि लांडोरखोरीच्या तर नावातच लांडोर आहे.

दुसरं कारण विश्रांतीचं. लांबच्या अभयारण्याला ओस दिवस मिळतात. शहराच्या कडेच्या वनोद्यानात वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस पहाटेपासून पावलं पडतात. मे महिन्यात गवत सुकून जातं, माती भुगा होते, तेव्हाही ती थांबत नाहीत.

३. आमच्याकडे एकही यंत्र नाही. माणसं मोजायची कशी?

एक घड्याळ, एक वही आणि जप मोजायचं बोटात घालायचं काउंटर पुरतं. पूजेच्या सामानाच्या दुकानात ते मिळतं. दोघं असाल तर एकाने आत जाणारे मोजायचे, दुसऱ्याने बाहेर पडणारे. दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत उतरवायचा आणि काउंटर शून्यावर आणायचं. संध्याकाळी एकच मोठा आकडा हाती असला तर गर्दी कधी चढली आणि कधी ओसरली हे कळत नाही. शिवाय मध्ये कोणी ओळखीचं भेटून मोजणी चुकली तर सगळा दिवस वाया जातो. पंधरा मिनिटांचे तुकडे केले की तेवढा एकच तुकडा जातो.

आकड्याशेजारी चार खुणा करा : घोळका आहे का, कुत्रा आहे का, स्पीकर आहे का, डबे-सरपण आहे का. दुसऱ्या वहीशी सांधा जुळवताना याच खुणा कामी येतात.

एक गोष्ट आधीच ठरवा. मेहरूण तलावाकाठी फेऱ्या मारणारा माणूस तुमच्यासमोरून चारदा जातो. तुम्ही त्याला एकदा धरता की चारदा? दोन्ही चालेल, पण ‘माणसं’ मोजली की ‘फेऱ्या’ ते पानाच्या डोक्यावर लिहा. वाटेची झीज बघायची असेल तर फेऱ्याच मोजाव्यात, कारण वाटेला पावलं लागतात. आणि जागेला कुंपण नसेल तर मुख्य दारावर बसून भागत नाही. आधी एक सकाळ नुसती परिघावर फिरून चोरवाटा शोधा. लळिंगच्या कुरणासारख्या मोकळ्या जागी माणूस कुठूनही आत शिरतो.

४. किती दिवस मोजावं? एक रविवार पुरेल का?

नाही. पहिल्या वर्षी आम्ही हीच चूक केली. श्रावणातले रविवार मोजले, त्यावरून वर्षाचा अंदाज बांधला आणि ऐटीत सगळ्यांना सांगितला. तो आकडा पुढे दोन वर्षं आमच्या मागे लागला होता.

आधी दिवसांचे गट पाडा : कामाचे दिवस, शनिवार-रविवार, सणाचे दिवस. प्रत्येक गटातले काही दिवस चिठ्ठ्या टाकून निवडा. आपल्या सोयीचे दिवस घेऊ नका. मग प्रत्येक गटाची सरासरी त्या गटातल्या एकूण दिवसांनी गुणा. समजा महिन्यात २२ दिवस कामाचे, ६ सुट्टीचे आणि २ सणाचे आहेत, आणि सरासऱ्या अनुक्रमे १८०, ५२० आणि १,४०० आल्या. तर ३,९६० अधिक ३,१२० अधिक २,८०० मिळून ९,८८० भेटी. एकच रविवार धरून ५२० गुणिले ३० केलं असतं तर १५,६०० आलं असतं. चूक दीडपटीहून मोठी झाली असती.

आपल्याकडे ऋतूही वेगळे धरावे लागतात. उन्हाळ्यात दुपारी चिटपाखरू नसतं, सगळी ये-जा पहाटे आणि दिवे लागणीला होते. पहिला दमदार पाऊस पडला की दोन आठवड्यांत धबधब्यांकडे लोंढा सुरू होतो. मग श्रावण, नवरात्र, हिवाळ्यातल्या भरीत पार्ट्या, शाळांच्या सहली. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकीबाळी घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं तलावावर येतात. पुस्तकातले तीन सरसकट ऋतू इथे पुरत नाहीत. आपल्या जागेचं पंचांग आपणच बसून लिहावं.

५. तिकिटांचा हिशेब आयता मिळतो. तो वापरला तर?

जरूर वापरा, पण एकटा नको. पासवाले, लहान मुलं, कर्मचारी आणि चोरवाटेने येणारे त्यात नसतात. चार-पाच दिवस स्वतः मोजा, तिकिटांशी ताडून बघा आणि जो फरक येईल त्याचं गुणोत्तर लावा.

६. आपोआप मोजणारं यंत्र बसवलं तर सुटका होईल ना?

बऱ्यापैकी होईल, पण खान्देशात एक मोठी अडचण आहे. स्वस्त यंत्रं आणि जंगलात लावतात ते बहुतेक कॅमेरे शरीराच्या उष्णतेवर चालतात. अंग आणि मागची जमीन यांच्या तापमानात फरक दिसला की ते ‘कोणीतरी गेलं’ असं धरतात. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात जमीनच अंगाइतकी किंवा त्याहून जास्त तापलेली असते. फरकच उरत नाही आणि माणूस समोरून गेला तरी यंत्र गप्प राहतं. ऊन उतरल्यावर, साडेसहा-सातला गर्दी येते, तेव्हाही खडक आणि मुरूम धगधगतच असतो. या महिन्यांत आडवा किरण तुटल्यावर मोजणारं, म्हणजे दोन खांबांचं यंत्र बरं.

कुठलंही यंत्र असो, शेजारी शेजारी चालणाऱ्या तिघांना ते एक धरतं. म्हणून ऋतूगणिक निदान काही तास माणसाने यंत्राजवळ बसून मोजावं. समजा माणसाने ५०० मोजले आणि यंत्राने ४१२, तर यंत्राचे आकडे त्या ऋतूपुरते सुमारे १.२१ ने गुणायचे. हिवाळ्याचं गुणोत्तर मे महिन्याला लावू नका.

७. दिवसभरात किती आले ते कळलं. पण एका वेळी आत किती जण असतात?

साधा हिशेब आहे : तासाला आत येणारे गुणिले सरासरी मुक्काम. समजा सकाळी तासाला २४० जण येतात आणि प्रत्येक जण सरासरी पाऊण तास थांबतो, तर त्या वेळात आत साधारण १८० जण असतात. मुक्काम काढायला बाहेर पडणाऱ्या दर दहाव्या माणसाला ‘कधी आलात?’ विचारा. लोक आनंदाने सांगतात.

हा आकडा महत्त्वाचा का, तर मुक्काम दुप्पट झाला की येणारे तेवढेच असूनही आतली गर्दी दुप्पट होते. खाऊच्या गाड्या लागल्या, झोके बसले, सेल्फीसाठी जागा केली की मुक्काम वाढतो, आणि दारावरच्या आकड्यात त्याचा मागमूसही दिसत नाही.

८. जमिनीवर नेमकं काय मोजायचं? आम्ही कोणी शास्त्रज्ञ नाही.

टेप, एक लोखंडी सळई आणि पाइपचा तुकडा एवढंच लागतं.

वाटेची रुंदी सगळ्यात आधी घ्या. दर पन्नास मीटरवर टेप आडवी लावून बोडकी माती किती ते लिहा. ‘जिथे जास्त खराब दिसतंय तिथे’ मोजायचा मोह होतो, तो टाळा. पन्नास मीटर म्हणजे पन्नासच. वाट मध्येच रुंद झाली असेल तर बहुतेक वेळा तिथे चिखल होतो आणि लोक कडेने जातात. दोष त्या जागच्या पाण्याच्या निचऱ्याचा असतो.

मग चोरवाटा मोजा. मोबाइल हातात धरून प्रत्येक वाट चालून नकाशावर उतरवा. मोबाइलची जागा काही मीटर इकडेतिकडे होते, त्यामुळे रुंदी कधीही मोबाइलने मोजू नका, लांबी आणि संख्या घ्या. आमचा अनुभव असा की वनोद्यानाची तब्येत मुख्य वाटेपेक्षा चोरवाटांवरून लवकर कळते. मुख्य वाट झिजणारच, ती त्यासाठीच असते. चोरवाटा वाढल्या की जागेचे तुकडे पडायला लागतात, आणि मधल्या तुकड्यात तित्तरालाही बसायला जागा उरत नाही.

तिसरं, माती किती दडपली गेली ते. पंधरा सेंटीमीटर व्यासाच्या पाइपचा तुकडा घ्या, चार-पाच सेंटीमीटर जमिनीत ठोका, आत ४४० मिलीलीटर पाणी ओता. म्हणजे साधारण अडीच सेंटीमीटर उंचीचं पाणी झालं. ते जिरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. लगेच पुन्हा तेवढंच पाणी ओता आणि दुसऱ्यांदा आलेला वेळ धरा, कारण पहिलं पाणी कोरडी माती घटाघटा पिते. हेच वाटेवर करा आणि वाटेपासून दहा मीटर आत करा. तुडवलेल्या मातीतल्या पोकळ्या मिटलेल्या असतात. पाणी वर उभं राहतं, मग वाहून जातं आणि जाताना माती नेतं.

इथे काळ्या मातीचा स्वभाव सांभाळावा लागतो. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पाणी भेगेतून सरळ खाली उतरतं आणि तुडवलेली जमीनही उत्तम आहे असं वाटतं. पावसाळ्यात तीच फुगून पाणी अडवते. म्हणून काळ्या मातीत दरवर्षी एकाच सुमाराला मोजा, पाऊस थांबून भेगा पडण्याआधी. मुरमाड उतारावर ही अडचण नाही. आणि काळ्या मातीचे आकडे मुरमाच्या आकड्यांशेजारी ठेवून तुलना करू नका.

९. आकडे आले. आता ते जास्त आहेत की कमी, हे कशावरून ठरवू?

दुसऱ्या कशाशी तरी ताडून. त्याच मातीचा, त्याच उताराचा, तसल्याच झाडोऱ्याचा, पण माणसं जात नाहीत असा एक तुकडा शोधा. तिथेही तेवढ्याच काळजीने मोजा. बदल होण्याआधीचे आकडे असतील तर सोन्याहून पिवळं. नवी वाट, नवं वाहनतळ, नवा झोपाळा येणार असं कानावर आलं की काम सुरू होण्याआधीच मोजून घ्या. नंतर ते कोणालाच मिळत नाही.

१०. माणसं निम्मी केली तर ताणही निम्मा होईल ना?

सगळ्यात जास्त चुकीचं समजलं जातं ते हे. न तुडवलेल्या गवतावर पहिली काही पावलं जेवढं नुकसान करतात, तेवढं पुढची शेकडो करत नाहीत. गवत एकदा मोडून माती उघडी पडली की मोडायला उरतं काय? कोल आणि बेफील्ड या अभ्यासकांनी १९९३ मध्ये यासाठी एक ठरावीक पद्धत मांडली. अर्धा मीटर रुंद आणि दीड मीटर लांब पट्टे आखायचे, एक तसाच सोडायचा, बाकीच्यांवरून २५, ७५, २०० आणि ५०० वेळा चालायचं, आणि दोन आठवड्यांनी व वर्षाने काय उरलं ते बघायचं. शाळेतल्या मुलांना घेऊन करता येईल असा हा प्रयोग आहे. फक्त तो चांगल्या गवतावर न करता, तसंही जाणार असलेल्या तुकड्यावर करा.

याचा अर्थ काय होतो बघा. जी वाट आधीच दगडासारखी झाली आहे, तिच्यावरची माणसं निम्मी करून फारसा फरक पडत नाही. उलट ‘गर्दी वाटून देऊ’ म्हणून तिथली माणसं पाच नव्या वाटांवर पाठवली, तर पाच नव्या जागा पहिल्याच महिन्यात बिघडतात. मला विचाराल तर शहराजवळच्या जागेत गर्दी एकवटू द्यावी, ती वाट नीट बांधावी, आणि बाकीचं रान मोडू देऊ नये. फार कमी माणसं जातात अशा डोंगरावर याच्या उलट वागावं लागतं : सगळ्यांनी एकाच रेषेत न चालता विखुरलेलं बरं, कारण तिथे अजून वाट पडलेलीच नसते.

११. पक्ष्यांना त्रास होतोय हे कसं मोजायचं?

पक्षी दिसला की सरळ त्याच्या दिशेने संथ, सारख्या पावलांनी चाला. तो उडाला की थांबा आणि तो बसला होता तिथपर्यंतचं अंतर मोजा. असं एका जातीचं अनेक वेळा केलं की सरासरी मिळते. मोठे पक्षी सहसा लांबूनच उडतात, म्हणून बगळ्याची तुलना बगळ्याशीच करावी. हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळी पाहुणे बदकं येतात. ती दमून आलेली असतात, तिथे हा प्रयोग करू नका, लांबून दुर्बिणीने नुसतं बघा. विणीच्या हंगामात कुठेच करू नका.

यात एक फसवी गोष्ट आहे. वनोद्यानातला पक्षी माणूस तीन मीटरवर आला तरी बसून राहिला, तर लोक म्हणतात, ‘बघा, त्यांना काही त्रास नाही.’ कदाचित सवय झाली असेल. पण ज्यांना सवय झाली नाही ते आधीच निघून गेले असतील, आणि गेलेल्यांचं अंतर मोजता येत नाही. म्हणून उडण्याच्या अंतराबरोबर कोणत्या जाती दिसतात याचीही यादी ठेवावी, आणि ती प्रश्न ९ मधल्या शांत तुकड्याशी ताडावी.

टिटवीबद्दल वेगळं सांगते. ती उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, आणि आपल्याकडच्या उन्हात अंडी उबवण्यापेक्षा त्यांच्यावर सावली धरणं हेच तिचं मोठं काम असतं. पोटाची पिसं भिजवून आणून ती अंडी गार करते. कोणी जवळ बसलं की ती ओरडत घिरट्या घालते, आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. ‘टिटवी ओरडतेय, रील काढू’ म्हणून थांबणाऱ्यांना हे माहीत नसतं. सांगितलं की बहुतेक जण लगेच उठतात. पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या ‘शिकार’ या व्याख्येतच येतं, हेही सांगावं.

१२. भरीत पार्टीने काय बिघडतं? ती तर आपली परंपरा आहे.

परंपरा शेतातली आहे. शेतात तुराट्या, कपाशीच्या काड्या हाताशी असतात, राख मातीतच मिसळते आणि मालक दुसऱ्या दिवशी नांगरतो. तलावकाठी सरपण कुठून येतं? उभ्या झाडाच्या फांद्यांतून. हिवाळ्यात चुलींचे काळे डाग मोजा, प्रत्येकाचं पाण्यापासूनचं अंतर लिहा, आणि भोवतीच्या वीस पावलांत हाताने मोडलेल्या फांद्या मोजा. जुना डाग आणि नवा डाग वेगळा लिहिला तर लोक त्याच जागी चूल मांडतात की दरवेळी नवी जागा जाळतात तेही कळतं. जुन्याच जागी मांडत असतील तर तिथे दोन पक्के ओटे बांधून निम्मा प्रश्न सुटतो. अभयारण्यात मात्र आग लावायला कायद्यानेच मनाई आहे, तिथे ओट्याचाही प्रश्न येत नाही.

१३. कचऱ्याचं वजन केलं तर चालेल का?

चालेल, पण नगही मोजा. एका काचेच्या बाटलीचं वजन शंभर गुटख्याच्या पुड्यांहून जास्त भरतं. आदल्या दिवशी जागा साफ केली होती का, हेही लिहा.

१४. ताई, आम्ही रोज सकाळी फक्त चालतो. आम्हालाही ताण म्हणून मोजता?

हो, आणि राग मानू नका. रोज येणारा माणूस वर्षाला तीनशे भेटी देतो. पण तुम्ही वाटेवरून चालता, काही टाकत नाही, आणि वणवा लागला तर पहिला फोन तुमचाच जातो. आमच्या वहीत तुमची पावलं जमेला असतात, चोरवाटेच्या खात्यात क्वचितच. अडचण होते ती सोबतच्या मोकळ्या कुत्र्याची. माणसाला सरावलेले पक्षीही झुडुपात शिरणाऱ्या कुत्र्याला सरावत नाहीत. साखळी लावली तर आमची एक खूण कमी होईल. आणि पहाटे मिट्ट काळोखात स्पीकरवर भजन लावू नका, कानात घालून ऐका.

१५. यात्रेच्या एका दिवसात वर्षभराइतकी माणसं येतात. तो दिवस हिशेबात धरायचा की सोडायचा?

धरायचा, पण वेगळा. नवरात्रात चाळीसगावजवळ पाटणादेवीला, महाशिवरात्रीला तोरणमाळला जी गर्दी होते, ती सरासरीत मिसळली तर सरासरी निरर्थक होते आणि यात्राही दिसेनाशी होते. तिचं स्वतंत्र पान करा : आधीच्या आठवड्यात मोजा, नंतरच्या आठवड्यात मोजा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजा. तिसरी मोजणी लोक विसरतात, पण खरं काय ते तीच सांगते. दोन दिवस तुडवलेलं गवत पाऊस मिळाला की पुष्कळदा उठतं. यात्रेसाठी सपाट केलेला माळ मात्र उठत नाही. तेव्हा भाविकांच्या संख्येआधी वाहनं कुठे लावली ते बघा.

धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ मध्ये थांबले होते, त्या आठवणीने दरवर्षी ३१ जुलैला तिथे लोक जमतात. अशा दिवसांना ‘गर्दी’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांच्या यादीत आमचं नाव घालू नका. लोक तिथे मनापासून येतात. पाण्याची, वाहनांची आणि वाटेची सोय आधी केली तर कुरणाला फार सोसावं लागत नाही, आणि ती सोय कुठे करायची हे मोजणीच सांगते.

पाटणादेवीच्या परिसराबद्दल एक मनातलं. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तिथे मठ स्थापला, त्याचा शिलालेख तिथेच आहे. ज्या डोंगरात गणित शिकवलं गेलं, तिथल्या झाडांचा आणि पावलांचा हिशेब आज कोणी ठेवू नये, हे मला लागतं.

१६. ‘धारणक्षमता’, म्हणजे एखाद्या जागेला दिवसाला किती माणसं सोसतील ते, काढायचं एक सूत्र असतं म्हणे. ते लावून एकच आकडा द्या ना!

सूत्र आहे. लॅटिन अमेरिकेत मिगेल सिफुएंतेस यांनी १९९२ मध्ये मांडलेली रीत जगभर वापरतात. समजा वाट १,२०० मीटर आहे, दहा-दहाचे गट जातात, एका गटाला १० मीटर लागतात आणि दोन गटांत ५० मीटर अंतर हवं. मग एका वेळी २० गट, म्हणजे २०० माणसं मावतात. जागा दिवसाला सात तास उघडी असते आणि एका फेरीला पावणेदोन तास लागतात, म्हणजे चार पाळ्या. झाले ८००. आता कपात. धुपीसाठी ०.८ ने, विणीसाठी ०.७ ने गुणलं तर ४४८. सांभाळायला माणसं आणि सोयी साठ टक्केच आहेत, म्हणून ०.६ ने गुणून सुमारे २६९.

आकडा नेमका दिसतो, पण ते ०.८ आणि ०.७ कोणीतरी बसून ठरवलेले आहेत. ०.७ च्या जागी ०.९ टाका, लगेच जवळपास ८० माणसं वाढतात. म्हणून कोणी असा आकडा पुढे केला तर आकड्यावर वाद घालू नका, प्रत्येक गुणक कशावरून आला ते विचारा. वाटेवरच्या मोजणीतून आला असेल तर मान द्या.

१७. मग एक आकडा नको, तर मर्यादा ठरवायची कशी?

अमेरिकेच्या वनसेवेतल्या अभ्यासकांनी १९८५ मध्ये प्रश्नच फिरवला. किती माणसं जास्त, हे विचारण्याऐवजी त्यांनी विचारलं : किती बदल आपण चालवून घेणार? माणसं आली की काही बदल होणारच. तो कुठपर्यंत चालेल हे आधी सगळ्यांनी बसून लिहायचं. उदाहरणार्थ, मुख्य वाट दोन मीटरच्या वर रुंद होऊ द्यायची नाही, एकही नवी चोरवाट चालणार नाही, उन्हाळ्यात टिटवीच्या माळाकडे कोणी जाणार नाही. दरवर्षी मोजायचं, आणि रेघ ओलांडली की काय करायचं तेही आधीच ठरवून ठेवायचं. त्या बैठकीत वनखात्याबरोबर रोज चालणारे, गुराखी आणि दारावरचा चहावालाही हवा. चहावाल्याला गर्दीचं पंचांग आमच्यापेक्षा चांगलं पाठ असतं.

१८. झीज शेळ्यांनी, वणव्याने किंवा दुष्काळाने झाली असेल तर? उगाच माणसांवर का ढकलता?

शंका रास्त आहे. दुष्काळ शांत तुकड्यालाही बसतो, म्हणून तो प्रश्न ९ च्या तुलनेत वेगळा होतो. शेळ्यांच्या वाटा उतारावर आडव्या, समांतर, अरुंद असतात. माणसांच्या वाटा कुठेतरी पोचायला निघालेल्या असतात : पाण्याकडे, सावलीकडे, फोटोच्या खडकाकडे. लेंड्या आणि खुडलेले शेंडे दिसले तर वेगळी नोंद करा. तरी कळत नसेल तर ‘कारण कळलं नाही’ असंच लिहा. गुराख्यावर खापर फोडणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्याच्याकडे आपली बाजू टाइप करून पाठवायला वेळ नसतो.

१९. मोजायला परवानगी लागते का? आणि लोकांचे फोटो काढले तर?

सार्वजनिक तलावाकाठी उभं राहून डोकी मोजायला सहसा कोणी अडवत नाही. वनखात्याच्या जागेत आधी लेखी कळवा. यावल, अनेर धरण, गौताळा-औट्रम घाट ही अभयारण्यं आहेत आणि पाटणादेवी गौताळ्यातच येते, तिथे अभ्यासासाठी रीतसर परवानगी घ्यावी लागते. चेहरे, गाड्यांचे नंबर टिपू नका. आम्हाला फक्त संख्या लागते. कॅमेरा लावलाच तर गुडघ्याच्या उंचीवर, खाली रोखून लावा आणि शेजारी पाटी लावा. जोडपी बसतात त्या बाजूला कॅमेरा मुळीच नको.

२०. आकडे दिले तर बागच बंद करतील, म्हणून आम्ही देत नाही. चूक आहे का?

भीती खोटी नाही. पण आकडे नसताना बंदीच येते, कारण बंदी घालायला मोजावं लागत नाही. आकड्यासोबत कुठे आणि कधी हे असेल तर सगळ्या जागेऐवजी एकच माळ, तोही विणीच्या हंगामापुरता, बंद करून भागतं. कागद देताना पहिल्या ओळीत आकडा न देता नकाशा द्या. ‘दिवसाला इतके लोक’ वाचून अधिकारी घाबरतो, ‘या वळणावर निचरा नाही’ वाचून कामाला लागतो.

२१. गर्दी कमी झाली, तरी झीज वाढलीच. असं कसं?

असं तीन कारणांनी होतं. माणसं कमी झाली पण मुक्काम वाढला (प्रश्न ७). किंवा दार बंद केल्याने तीच माणसं मोजणी नसलेल्या चोरवाटेने येऊ लागली. किंवा झीज आता पावलांवर अवलंबून राहिली नाही : एकदा घळ पडली की पुढे पाणीच ती खोल करत जातं, तिथे वर्षभर कोणी फिरकलं नाही तरी. तिसऱ्या कारणावर माणसं अडवण्याचा काही उपयोग नाही, दगड रचून पाणी वळवावं लागतं. आणि एका जागी गर्दी घटली की शेजारच्या जागेवर जाऊन बघा. मेहरूणला काम निघालं की चालणारे कुठेतरी जातातच.

२२. आमच्याकडे मोजणी नाही, पण घरचे जुने फोटो आहेत. उपयोग होईल का?

खूप. फोटोतल्या माणसांच्या मागे बघा. सहलीचा, लग्नानंतरच्या पहिल्या फिरण्याचा, शाळेच्या ओळीचा फोटो असेल आणि मागे न हलणारं काही असेल, खडक, देवळाचा कोपरा, धरणाची भिंत, तर तो फोटो घेऊन तिथे जा. त्या खडकाची आणि मागच्या डोंगराची कड जुळेपर्यंत मागेपुढे सरका. पाय जिथे ठरतील तिथून नवा फोटो काढा, शक्यतो त्याच महिन्यात. मग दोन्ही शेजारी ठेवून झाडं मोजा, वाटेची रुंदी ताडा, गवत कुठपर्यंत होतं ते बघा. मागे तारीख नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. कोणाचं बारसं त्या वर्षी झालं होतं, हे त्यांना बरोबर आठवतं.